शब्दचर्चा : 'त्रास्तोर्नो' म्हणजे विकार, दोष की आणखी काही?

अनुस्वार : वाचोपचाराच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या मराठी पुस्तिकेत एक प्रकरण स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर आहे. मूळ संज्ञा 'त्रास्तोर्नो देल देसार्रोयो देल लेंग्वाखे'. मुलाला नीट ऐकू येतं, मेंदूला इजा नाही, मतिमंदत्व नाही, तरी भाषा वयाप्रमाणे वाढत नाही. मी 'भाषाविकास-विकार' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'वाचादोष' केलं. कोणता शब्द ठेवावा?

रफार : 'वाचादोष' नकोच. तो शब्द वाचला की पालक तोतरेपणा, बोबडेपणा किंवा टाळूची फट शोधू लागतात. इथे मुलाचे उच्चार अगदी स्वच्छ असू शकतात आणि अडचण वाक्याच्या बांधणीत असते. स्पॅनिशमधला जुना शब्दही बदलला आहे. आधी त्यात 'एस्पेसीफिको', म्हणजे 'केवळ भाषेपुरता', असं विशेषण होतं. इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये बुद्ध्यंक सामान्यच हवा ही अट काढली. त्यानंतर स्पॅनिशमध्येही 'देसार्रोयो', म्हणजे विकास, हा शब्द रुळत गेला.

मोडीवाला : व्युत्पत्ती पाहा. स्पॅनिश 'त्रास' (पलीकडे) आणि 'तोर्नार' (फिरवणं), म्हणजे पार फिरवणं, उलटंपालटं करणं. आपला 'विकार' वि + कृ, मूळ रूपात बदल. जोडी चांगली जमते. पण मराठी व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे 'विकारी' शब्द, आणि या मुलांना नेमकं शब्दांचं विकारी होणंच जड जातं! 'भाषाविकार' वाचून विद्यार्थी कुठला विकार समजणार?

अनुस्वार : त्याच प्रकरणात 'क्लिटिक' आलंय, म्हणजे स्वतःचा आघात नसलेलं, शेजारच्या शब्दाला टेकणारं छोटं पद. इथे ती कर्माची सर्वनामं : लो (त्याला), ला (तिला), लोस, लास (त्यांना). त्याला काय म्हणू?

रफार : शब्द ठरवण्याआधी तो काय काम करतो ते पाहा, कारण निदानात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. चेंडू फेकणाऱ्या मुलाचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, 'के आसे एल निन्यो कोन ला पेलोता?' म्हणजे मुलगा चेंडूचं काय करतोय? अपेक्षित उत्तर 'ला तीरा', तो तिला फेकतो (पेलोता स्त्रीलिंगी). अडचण असलेलं मूल नुसतं 'तीरा' म्हणतं किंवा 'लो तीरा'. दुसरी जागा उपपदांची, म्हणजे नामाआधी येणाऱ्या, इंग्रजी 'द'सारख्या शब्दांची, एल, ला, लोस, लास : ती गळतात किंवा त्यांचं लिंग चुकतं. तिसरी विशेषणाचा नामाच्या लिंगवचनाशी मेळ राखण्याची. बेडोर आणि लिओनार्ड या संशोधकांच्या २००१ च्या अभ्यासात क्रियापदाच्या प्रत्ययांपेक्षा नामाभोवतीच्या रूपांचा त्रास जास्त दिसला. इंग्रजीत नेमकं उलट, तिथे क्रियापदाचे काळाचे प्रत्यय गळतात. म्हणून इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करून स्पॅनिश मूल तपासलं की निदान चुकतं.

पाऊणमात्रा : असं का, तेही पुस्तिकेत यावं. 'ला', 'लो' एकाक्षरी, आघात नसलेले, पुढच्या शब्दाला टेकलेले, कानाला निसटतात. उलट स्पॅनिश क्रियापद प्रत्ययाशिवाय उभंच राहत नाही, त्यामुळे प्रत्यय गळत नाही, बदलतो : 'लोस निन्योस कोमेन' (मुलं खातात) याच्या जागी 'कोमे' (खातो), अनेकवचनी कर्त्यापुढे एकवचन.

मोजताना मात्र जपून. त्या मुलाने 'तीरा ला पेलोता' असं पूर्ण नाम घेऊन सांगितलं तर ती चूक नाही. जिथे 'ला' आवश्यक होतं तेवढ्याच जागा मोजायच्या. अशा २० जागांपैकी ११ बरोबर, तर ५५ टक्के. चित्रांत सगळ्या वस्तू पुल्लिंगी असतील तर सरसकट 'लो' म्हणणारं मूल योगायोगाने पास होतं. म्हणून स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी वस्तू हव्यातच. 'ला मानो' (हात, ओकारान्त पण स्त्रीलिंगी) किंवा 'एल आग्वा' (पाणी, स्त्रीलिंगी असूनही 'एल') असली नामं सुरुवातीला ठेवू नयेत, त्यांत निरोगी मुलंही अडखळतात.

मोडीवाला : 'उपपद' शब्दावर माझा आक्षेप आहे. संस्कृतात उपपद म्हणजे समासातलं जवळचं पद, कुंभकारमधला कुंभ. इंग्रजी व्याकरणाच्या मराठी पुस्तकांनी तो शब्द उगाच पळवला.

रफार : शाळेत पिढ्यान्‌पिढ्या तोच शिकवला जातोय. वाचणाऱ्याला कळतो तो शब्द.

मोडीवाला : मग 'क्लिटिक'लाही मराठीत शब्द तयार आहे. 'मीच', 'तोही' यांतले च, ही. शुद्ध शब्दयोगी अव्ययं. सामान्यरूप न होता मागच्या शब्दाला चिकटतात.

पाऊणमात्रा : अव्यय म्हणजे न बदलणारं. 'लो' स्त्रीलिंगात 'ला' होतं, अनेकवचनात 'लोस', 'लास'. ज्याचं लिंगवचन चुकतं म्हणून निदान करायचं, त्यालाच अव्यय म्हटलं तर प्रकरणाचा गाभाच जाईल. 'आश्रित सर्वनाम' म्हणा. कधी सुटं राहतं, कधी क्रियापदाला चिकटतं : 'दामेलो', मला ते दे.

अनुस्वार : छपाईत आणखी एक घोळ होतोय. 'मुलाला ला येत नाही' या वाक्यात आपला चतुर्थीचा 'ला' आणि स्पॅनिशचा 'ला' शेजारी बसतात.

मोडीवाला : आपला 'लागि'वरून आला असं मानतात, त्यांचा लॅटिन 'इल्ला'वरून. नातं नाही, पण दोन्ही पूर्वी सुटे शब्द होते, घासत घासत एवढे उरले.

रफार : स्पॅनिश शब्द ठळक टाइपात घ्या. आणि बोलीचा परिच्छेद गाळू नका. कॅरिबियन बोलींत शब्दान्तीचा 'स' पुसट होतो किंवा जातो. प्वेर्तो रिकोचं मूल 'लास कासास' (घरं) याला 'ला कासा' म्हणालं तर ती घरची बोली आहे. पुल्लिंगात मात्र 'स' गेला तरी 'एल पेर्रो' (कुत्रा) आणि 'लो पेर्रो' (कुत्रे) हा फरक कानाला कळतो, म्हणून तिथे अनेकवचन पुल्लिंगी नामांवर तपासावं. स्पेनच्या बऱ्याच भागांत पुरुषासाठी 'लो'ऐवजी 'ले' म्हणतात, तीही चूक धरायची नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला दोन्ही भाषांत तपासायचं. स्पॅनिश मागे पडत चाललेल्या निरोगी मुलातही लिंगाच्या चुका दिसतात.

पाऊणमात्रा : चार वर्षांपुढच्या मुलांसाठी 'क्येरो के वेंगा'सारखी वाक्यंही घ्या. मूल 'वेंगा' (यावं) याऐवजी 'व्येने' (येतो) म्हणतं का ते पाहायचं. मराठीत हा अगदी आपला विध्यर्थ आहे : त्याने यावं अशी माझी इच्छा आहे.

मोडीवाला : विध्यर्थ नव्हे. विध्यर्थात कर्तव्य, योग्यता, शक्यता येते. 'क्येरो के'मध्ये फक्त इच्छा आहे.

पाऊणमात्रा : इच्छाही येतेच की. 'देव तुझं भलं करो' हा आज्ञार्थ धरतात, पण 'पाऊस यावा' कशात टाकाल?

अनुस्वार : पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. विकार ठेवू की दोष?

मोडीवाला : 'पाऊस यावा' विध्यर्थच, मान्य. पण तिथे 'क्येरो के'सारखं मुख्य वाक्य नाही, आणि स्पॅनिशमध्ये तर ते रूप बहुतेक गौण वाक्यात…