मदत हवी आहे: तोक्योतल्या आठ स्टुलांच्या रामेन दुकानात शाकाहारी आईला न्यायचंय (तेही चातुर्मासात)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पंधरा दिवसांसाठी तोक्योला येताहेत. पहिल्यांदाच. फुजी, आसाकुसा, कामाकुराचा बुद्ध सगळं ठरलंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. घोडं अडलंय ते एका रात्रीच्या जेवणाशी.

मी निशिकासाईला राहतो. घराजवळच्या गल्लीत एक रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान आहे. आठ स्टुलं, सगळी काउंटरला लागून, टेबल एकही नाही. मालक साठीचा, एकटाच सगळं बघतो. गेली सहा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी मी तिथेच जेवतो. दारातल्या तिकीट मशीनवर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबायचं (दुकानाची खासियत बहुतेक ठिकाणी त्याच जागी असते), चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. तोवर त्याने शेवया पाण्यात सोडलेल्या असतात. वाडग्याचा पहिला फोटो घरी पाठवला तेव्हा आई म्हणाली होती, "आमटीत शेवया घातल्यात होय?" आणि आता व्हिसा आल्यावर बाबांनी फोनवर फर्मान काढलंय, "देवळं काय इथेही आहेत. तुझं ते शेवयांचं दुकान तेवढं दाखव."

आता अडचण. बाबा बाहेर चिकन-मासे खातात, डुकराचं मांस नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि ऑक्टोबर म्हणजे चातुर्मास, त्यामुळे कांदा-लसूणही बंद. या दुकानातला रस्सा कोंबडीच्या हाडांचा आणि निबोशीचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा. पातेल्याचं झाकण उघडलं की थेट सुकटीचा वास. वर चाशूचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, काप.

'नीकु नाशी' (मांस नको) एवढं सांगून भागत नाही, हे मी एका मित्राच्या जिवावर शिकलोय. तोक्योत नवा होतो तेव्हा दुसऱ्याच एका दुकानात त्याच्यासाठी तसं सांगितलं. त्यांनी वरचे काप प्रामाणिकपणे काढले आणि खाली तोनकोत्सु तसाच ठेवला, म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला पांढरा, दाट रस्सा. मित्राने वाडगा तोंडाला लावून संपवला, वर म्हणाला, "काजूची पेस्ट असणार यात." मला नंतर कळलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

बाबांच्या वाडग्यातूनही चाशू काढला की झालं, असं नाही. चाशू ज्या सोयासॉसमध्ये शिजतो तोच पुष्कळ ठिकाणी 'तारे' म्हणून वाडग्याच्या तळाशी ओततात.

कृपया दुसरी दुकानं सुचवू नका. तोक्यो स्टेशनातलं टीज तानतान पूर्ण व्हीगन आहे हे माहीत आहे, आफुरीतही व्हीगन रामेन मिळतं. निशिकासाईत डोसा मिळतो हेही माहीत आहे, रोज दिसतो. पण बाबांना हेच दुकान बघायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही दाखवायचंय.

तर जाणकारांनो, एवढ्याशा दुकानात आईने काहीच न मागवता स्टूल अडवून बसणं चालतं का? माणशी एक वाडगा ही इथली अपेक्षा. तिच्या नावाचं तिकीट काढून ते मी संपवावं म्हटलं तर दोन वाडगे माझ्याने होत नाहीत, आणि भरलेला वाडगा तसाच परत करणं त्याहून वाईट. शिवाय तिचे गुडघे आणि ती उंच स्टुलं. घरच्यांना घेऊन कुणी असा प्रसंग निभावला असेल तर सांगा.

बाबांची काळजी नाही. बशीतला चहा भुरकतात म्हणून आई चाळीस वर्षं त्यांना टोकत आलीय. इथे शेवया आवाज करून ओढल्या तर कुणी वळूनही बघणार नाही. फक्त मिसळीच्या सवयीने "रस्सा आणा" म्हणतील, त्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. रस्सा एकदाच मिळतो. हाकाता पद्धतीच्या दुकानांत तर उलटा कारभार, रस्सा तोच आणि शेवया वाढून मागायच्या.

भर, रविवार रात्र:

सगळ्यांचे आभार. "इथे विचारत बसण्यापेक्षा त्यालाच विचार" असं तिघांनी लिहिलंत, म्हणून आज अडीच वाजता, दुपारची गर्दी ओसरल्यावर गेलो. सहा वर्षांत "गोचिसोसामा" (जेवण झाल्यावर मानायचे आभार) पलीकडे आमचं फारसं बोलणं झालेलं नव्हतं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, पात नाही, लसूण नाही, असं मी एकेक सांगत गेलो आणि तो एकेक बोट मिटत गेला. मूठ बंद झाली तेव्हा जरा थांबला आणि म्हणाला, "शिरुनाशी." म्हणजे रश्श्याशिवाय. नुसत्या शेवया, बाटलीतला साधा सोयासॉस, तिळाचं तेल, वर नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा). शेवया उकळायचं पाणी वेगळंच असतं, आणि आईसाठी ते नवीन चढवीन म्हणाला. साडेपाचला नोरेन, म्हणजे दुकान उघडल्याचा दारावरचा पडदा, बाहेर टांगतो, तेव्हाच या. भिंतीकडचं स्टूल तिला द्या, पाठ टेकता येईल. बाबांच्या वाडग्यातही तारेऐवजी तोच साधा सोयासॉस.

मग आत जाऊन शेवयांचा खोका घेऊन आला आणि त्यावरचं लेबल माझ्यासमोर बोट ठेवून वाचलं. गव्हाचं पीठ, मीठ, कानसुई, शुसेई. अंडं नाही. पिवळेपणा कानसुईचा, तो आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार. शुसेई मात्र मला घरी येऊन शोधावं लागलं. अल्कोहोल. शेवया टिकाव्यात म्हणून किंचित घालतात. त्याच्या सोयासॉसच्या बाटलीवरही तोच शब्द आहे.

दुकानाचा प्रश्न सुटला. आता एवढंच राहिलं. मित्राच्या वेळी गप्प बसलो ते बसलो. आईला हे सांगायचं का?