नवतप्यात समृद्धीने मुंबई: टायरची हवा २८ ठेवायची की ३३?

मनीषनगर_सेडान

मे अखेरीस, म्हणजे ऐन नवतप्यात (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस), नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईला जायचंय. पेट्रोल सेडान, ४२ हजार किमी झालेली. चार मोठी माणसं आणि डिक्की भरून सामान. टायर कंपनीतून आलेलेच, १६५/८० आर १४, ट्यूबलेस. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय. पंक्चरवाले भाऊ म्हणतात, "उन्हात हवा फुगते, २८ च ठेवा, नाहीतर फुटेल." गेले दोन उन्हाळे २८ च ठेवतोय. पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणतो नायट्रोजन भरा. नेमकं काय करावं? टायर बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं? आणि टायर सोडून आणखी काय बघून घेऊ?

हिंगणारोड_टायर

भाऊ, २८ चा सल्ला उलटा आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेमुळेच.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सरळ होतो. तुमच्या साइजचा टायर ताशी १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतो, म्हणजे बगल (टायरची बाजूची भिंत) तितक्या वेळा वाकते. हवा कमी असली की ती जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातून रबराच्या आत उष्णता तयार होते. बाहेर ४५ अंश आणि खाली तापलेलं काँक्रीट असताना ती निघून जायला वाव नसतो. मग रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते, थर वेगळे होतात आणि एका क्षणी टायर फाटतो. शहरात सिग्नलला थांबता थांबता तो थंड होत राहतो. समृद्धीवर तास दीड तास एकाच वेगाने गाडी पळते, तिथे ही संधीच मिळत नाही.

हवा तापून दाब वाढतो हे खरंच आहे. ३० अंशांना ३३ भरली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर गेज साडेसदतीसच्या आसपास दाखवेल. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. टायरच्या बगलेवर कमाल दाब वेगळा छापलेला असतो, बहुतेक ४४ किंवा ५१. तो मर्यादेचा आकडा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

स्टिकर पुन्हा नीट बघा. बऱ्याच गाड्यांना दोन रकाने असतात: कमी माणसांसाठी एक, पूर्ण भारासाठी दुसरा. तुमचा भार दुसऱ्या रकान्यातला. मागच्या टायरला त्यात बहुधा जास्त आकडा असतो.

थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आणि सावलीत. मे महिन्यात ते सकाळी साडेपाच सहालाच जमतं. पंप लांब असेल तर स्वतःचं गेज घ्या आणि घरी मोजा. समजा घरी २९ निघाली, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचेपर्यंत तोच टायर ३२ दाखवेल. तिथे ३२ मध्ये ४ मिळवून ३६ भरायची. ३३ वर थांबलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ३० च निघेल. पंपावरच्या मशीनचे आकडे एकदोन पीएसआयने इकडेतिकडे असतात, म्हणून गेज आपलंच बरं.

नायट्रोजन भरा किंवा नका भरू. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फायदा इतकाच की त्यात ओलावा नसतो. "नायट्रोजनमध्ये साधी हवा चालत नाही" म्हणून कमी हवेवर गाडी पळवणं मात्र धोक्याचं.

वाडी_नाका

मग वाटेत थांबल्यावर ३८ दिसली तर थोडी काढून टाकायची ना? ट्रकवाले काढताना दिसतात.

हिंगणारोड_टायर

अजिबात नाही. गरम टायरमधून ५ काढली तर थंड झाल्यावर तो २८ वर येतो, आणि पुढच्या पट्ट्यात आणखी तापतो. थांबल्यावर हवा काढू नका, हात लावा. दर दीड दोन तासांनी चारही टायरच्या बगलेला तळहात टेकवून बघा. सगळे सारखे गरम असतील तर ठीक. उन्हाच्या बाजूचे दोन थोडे जास्त गरम लागतात, तेही चालतं. एकच वेगळा तापला असेल तर त्याची हवा उतरतेय. बगलेपेक्षा रिमचीच धग हाताला जाणवली तर ब्रेक धरतोय: कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या भागाची) पिन अडकली असेल किंवा हँडब्रेक पूर्ण सुटला नसेल. रिमला थेट हात लावू नका, भाजेल. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

सक्करदरा_गॅरेज

टायरचं वर सांगितलंय, मी बॉनेटखालचं सांगतो.

कुलंट: इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा, मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. कमी असेल तर त्याच प्रकारचं तयार मिश्रण घाला. बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खर धरते. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही हे माहीत असेलच. मग गाडी उभी ठेवून एसी लावा, रेडिएटरचा पंखा फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर रस्त्यावर कळणार नाही, पण टोलच्या रांगेत तापमानाचा काटा चढेल.

बॅटरी: इथल्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं. झाकणं उघडणारी असेल तर मार्चपासून दर महिन्याला बघायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेषेपर्यंत घालायचं. रात्रभर उभ्या गाडीला मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. उभ्या गाडीत १२.२ च्या खाली असेल तर प्रवासाआधी चार्ज करून तपासा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे उकळायचं तापमान खाली येतं. इगतपुरीकडच्या उतारावर सतत ब्रेक दाबलात तर पेडल मऊ पडतं. वायपरची रबरं उन्हात कडक होतात, पण ती पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी.

मनीषनगर_सेडान

सगळ्यांचे आभार. आज सकाळी टायरच्या खाचांची खोली मोजली:

पुढचे दोन: दोन्ही कडांना २.५ मिमी, मधे ४. मागचे: सगळीकडे साधारण ४.५. टायर कधी बनला त्या तारखेचा आकडा बाहेरून दिसेना, आतल्या बाजूला सापडला: ११२०. पुढच्या डाव्या टायरच्या बगलेवर बोटाच्या पेराएवढा फुगवटा आहे. स्टेपनीत फक्त १४ हवा. चालत्या टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात. फुगवटा सोडला तर खोली १.६ मिमी होईपर्यंत चालतील ना?

हिंगणारोड_टायर

११२० म्हणजे २०२० चा अकरावा आठवडा, सहा वर्षं उलटली. १.६ मिमी ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) लिहिलेल्या ठिकाणी खाचेतला उंचवटा तेवढाच असतो. पण तुमच्याकडे प्रश्न खोलीचा नाही. भेगा म्हणजे रबर म्हातारं झालं, आणि फुगवटा म्हणजे तिथल्या दोऱ्या तुटल्या, हवा नुसत्या रबराने धरलेली आहे. तो टायर शहरातही चालवू नका. पंक्चरवाला आतून पॅच मारतो म्हणाला तरी नाही. बगलेची दुरुस्ती होत नसते.

फुगवटा येतो कशाने? आपल्या सिमेंट रस्त्याच्या आणि बाजूच्या गट्टूंच्या मधे जी पायरी राहते, तिच्यावर गाडी तिरपी चढवली की बगल रिम आणि काठामध्ये चिमटते. हवा कमी असली तर आणखी लवकर. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे शिल्लक, ही २८ ची खूण आहे. एकच कड गेली असती तर अलाइनमेंट (चाकांची दिशा) बिघडलंय म्हटलं असतं, आणि मधलाच भाग गेला असता तर जास्त हवा.

चारही बदला. साइज तीच, आणि आकड्यानंतर ८५टी किंवा त्याहून वरचं हवं: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. समृद्धीची मर्यादा १२० आहे, तेव्हा टी पुरेसा. दुकानात तारीख स्वतः वाचा, वर्षाहून जुना माल असेल तर नको म्हणा. व्हॉल्व्ह चारही नवे लावून घ्या. जुन्याच्या रबराला भेगा पडतात आणि हवा तिथून जाते, हे पंक्चर म्हणून शोधत बसतात लोक. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. बजेटमुळे दोनच घेतले तर नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सरकली तर साध्या चालकाला गाडी सावरत नाही. पण फुगवटा आणि भेगा बघता मी दोनवर थांबणार नाही.

प्रवासाच्या आदल्या दिवशी बसवू नका. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला निसरडा थर असतो, तो जाईपर्यंत २०० ते ३०० किमी जोरात ब्रेक किंवा वळण नको. आठवडाभर आधी बसवा.

स्टेपनी वापरलेली नसेल तर तीच ठेवा, फक्त जवळच्या दुकानापर्यंत आणि ८० च्या आत. त्यात ३६ भरून ठेवा, कारण तिची हवा कुणी बघत नाही. जॅक आणि पाना डिक्कीत सामानाच्या वर ठेवा, खाली दडपू नका.

वाडी_नाका

एक राहिलं. दुकानात नट एअर गनने ठोकून बसवतात, मग रस्त्यात पान्याने सुटत नाहीत. हाताने चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक झाला की समोरचा, असे आवळायला सांगा. शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधला आकडा लावून घ्या, छोट्या गाड्यांना तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. ५० ते १०० किमी झाल्यावर एकदा पुन्हा तपासा, नव्याने बसवलेली चाकं थोडी सैल होतात.