चर्चा: जीएनयू रेडिओच्या मॉड्यूलमध्ये बाहेरची लायब्ररी नुसती जोडावी की सोर्ससकट आत घ्यावी?

बँडपास

माझं मत सरळ आहे. जीएनयू रेडिओसाठी (रेडिओ सिग्नलवर सॉफ्टवेअरने प्रक्रिया करणारं साधन) आउट-ऑफ-ट्री, म्हणजे मुख्य प्रकल्पाबाहेरचं, मॉड्यूल लिहिताना लिक्विड-डीएसपीसारखी सिग्नल प्रोसेसिंगची लायब्ररी सोर्ससकट आपल्या ट्रीमध्ये कोंबू नये. डेबियन-उबुंटूवर लिबलिक्विड-डेव्ह इन्स्टॉल करावं आणि सीमेकला (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाला) ते शोधायला लावावं. सीमेक/मॉड्यूल्स फोल्डरमध्ये छोटी फाइंड फाइल लिहायची: फाइंड_पाथ हेडरसाठी, फाइंड_लायब्ररी लिक्विडसाठी. वरच्या सीमेकलिस्ट्समध्ये फाइंड_पॅकेज, रिक्वायर्ड लावून. मग लिब फोल्डरातल्या सीमेकलिस्ट्समध्ये टार्गेट_लिंक_लायब्ररीजच्या त्याच ओळीत, जीएनयूरेडिओ-रनटाइमच्या शेजारी, आपली लायब्ररी. वेगळी ओळ लिहून तिच्यात प्रायव्हेट टाकलं आणि मूळ ओळीत नसलं, तर सीमेक 'एकतर सगळीकडे कीवर्ड, नाहीतर कुठेच नाही' म्हणून थांबतं.

बहुतेक लोक ही शेवटची ओळच विसरतात. मेक तरीही निमूट पूर्ण होतं, कारण लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी बनवताना न सापडलेले सिंबॉल (फंक्शन वगैरेंची नावं) लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) चालवून घेतो. बोंब उठते ती पायथनमध्ये इम्पोर्ट करताना: अनडिफाइन्ड सिंबॉल. जीएनयू रेडिओ 3.8 मध्ये तर तीही उठायची नाही. इनिट फाइल इम्पोर्टएरर गिळून टाकायची आणि पुढे 'मॉड्यूलमध्ये असा ॲट्रिब्यूट नाही' एवढंच दिसायचं. लिंकरला नो-अनडिफाइन्ड हा पर्याय द्या, चूक बिल्डमध्येच पकडली जाईल.

लिंकर_दादा

असहमत. तुमची पद्धत तुमच्या मशीनवर छान. वापरणारा विंडोजवर रेडिओकोंडा (कोंडा पॅकेज मॅनेजरवरचा जीएनयू रेडिओचा तयार संच) घेऊन बसला असेल, तर त्याच्याकडे डेबियनचं ॲप्ट कुठून येणार?

लिबफेकचंच बघा. फिल कार्न यांची, सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करणारी लायब्ररी, परवाना एलजीपीएल. मूळ कोडमधली वेगवान असेंब्ली 32 बिटच्या एक्स86 साठी लिहिलेली, म्हणून 64 बिटवर लोक वेगवेगळे फोर्क (बदललेल्या प्रती) वापरतात. समोरच्याकडे कोणता आहे हे तुम्हाला कळत नाही. तुम्हाला त्यातलं हवं काय, तर सीसीएसडीएसच्या अंतराळ-संपर्क मानकातला 255,223 रीड-सॉलोमन (चुका दुरुस्त करणारा) डिकोडर. म्हणजे मोजक्या सी फाइली. त्या लिबमध्ये ठेवा, सोर्सच्या यादीत नावं घाला, परवान्याची फाइल सोबत ठेवा. जीआर-सॅटेलाइट्स या उपग्रहांचे सिग्नल डिकोड करणाऱ्या मॉड्यूलने लिबफेकचा हा भाग असाच आत घेतलेला आहे. एलजीपीएल किंवा एमआयटीचा कोड जीपीएल 3 च्या मॉड्यूलमध्ये घ्यायला परवान्याची आडकाठीही नाही.

बँडपास

लहान सी फाइली असतील तर समजू शकतो. पण तिथेही हेडरला एक्सटर्न-सीचं कवच आहे का ते बघावं लागतं. नसेल तर सी++ नाव मँगल करतं (त्यात आर्ग्युमेंटचे प्रकार मिसळून बदलतं) आणि सिंबॉल कधीच जुळत नाही. लायब्ररी समोर असून सापडत नाही. एनएमला (सिंबॉलची यादी दाखवणाऱ्या कमांडला) डी आणि सी पर्याय देऊन बघा. न सापडलेल्या नावापुढे कंसात आर्ग्युमेंटचे प्रकार दिसले, तर दोष हाच.

माझा खरा आक्षेप मोठ्या लायब्ररीवर आहे. दोन मॉड्यूलांनी एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या आत घेतल्या आणि दोन्ही एकाच फ्लोग्राफमध्ये (ब्लॉक जोडून केलेल्या प्रोग्राममध्ये) आली, की एकाचं फंक्शन दुसऱ्याच्या स्ट्रक्टवर चालतं.

लिंकर_दादा

हे पायथनच्या फ्लोग्राफला सहसा लागू होत नाही. पायथन एक्स्टेंशन लोकल स्कोपमध्ये उघडतो, त्यामुळे एका मॉड्यूलचे सिंबॉल दुसऱ्याला दिसत नाहीत. जीआरसीतून (जीएनयू रेडिओच्या चित्रमय संपादकातून) सी++ फ्लोग्राफ काढला तर मात्र तुमचं बरोबर: सगळं सुरुवातीलाच ग्लोबल स्कोपमध्ये येतं आणि पहिला सापडेल तो जिंकतो. स्टॅटिक जोडत असाल तर लिंकरला एक्सक्लूड-लिब्स ऑल द्या. आत घेतलेली सी फाइल असेल तर व्हिजिबिलिटी हिडन. प्रश्न मिटला.

एक मात्र मान्य. स्टॅटिक लायब्ररी पोझिशन-इंडिपेंडंट (मेमरीत कुठेही चालणारी) नसेल तर 'एफपिकने पुन्हा कंपाइल करा' हा निरोप येणारच. आणि ती मार्च-नेटिव्हने (फक्त त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी) बांधून बायनरी जुन्या लॅपटॉपवर नेली, तर इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

आयक्यू_नमुना

दोघेही जोडण्यावरच भांडताय. लिंक झाल्यावर जे फुटतं ते कोण बघणार?

लिक्विड एफएफटीडब्ल्यूसोबत (फूरिए रूपांतर, म्हणजे एफएफटी, काढणारी लायब्ररी) बांधलेली असेल तर तिचे स्पेक्ट्रम आणि ओएफडीएमचे ऑब्जेक्ट आतल्या आत एफएफटीडब्ल्यूचा प्लॅन (गणनेची आखणी) करतात. हा प्लॅनर मुळात थ्रेड-सेफ (अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरण्याजोगा) नाही. जीएनयू रेडिओ त्याभोवती स्वतःचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावतो, लिक्विडला त्याचा पत्ता नाही. ब्लॉकच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बहुधा निभावतं, कारण सगळे ब्लॉक पायथनच्या एकाच थ्रेडमध्ये जन्मतात. पण वर्क फंक्शनमध्ये (सिग्नल चालू असताना चालणाऱ्या) लिक्विडचा ऑब्जेक्ट नव्याने केला आणि त्याच वेळी कोणी फ्रिक्वेन्सी सिंकची एफएफटी साइज बदलली, तर कधीतरी सेगफॉल्ट. म्हणून ऑब्जेक्ट करताना आणि मोडताना जीआर-एफएफटीच्या प्लॅनर म्युटेक्सवर लॉक घ्या. त्यासाठी जीएनयूरेडिओ-एफएफटीही लिंक करावी लागते. एफएफटीडब्ल्यू 3.3.5 पासून प्लॅनर थ्रेड-सेफ करणारं फंक्शन आहे, तोही एक मार्ग.

याबाबतीत मी बँडपासच्या बाजूने. लायब्ररी आत घेतली तरी एफएफटीडब्ल्यू एकच राहते, भांडण तिथेच राहतं. आत घेण्याने काही सुटत नाही.

दुसरं, लिक्विड.एच ही हेडर फाइल फक्त इम्पल (ब्लॉकच्या अंतर्गत) हेडरमध्ये घ्या. पब्लिक हेडरमध्ये घेतली की पायबाइंडच्या (सी++ कोड पायथनला जोडणाऱ्या) बाइंडिंगलाही तिचा पाथ लागतो आणि तिथे 'फाइल सापडत नाही'. शिवाय सी++ मधला कॉम्प्लेक्स हेडर लिक्विड.एचच्या आधी हवा. नाहीतर लिक्विडचा कॉम्प्लेक्स हा साधा स्ट्रक्ट होतो आणि जीएनयू रेडिओच्या जीआर_कॉम्प्लेक्सशी जुळत नाही.

बँडपास

म्युटेक्सचा मुद्दा बिनतोड. लिंकर_दादा, कोंडाबद्दल: लिक्विड कोंडाच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये बांधा, इन्स्टॉल प्रिफिक्स त्याचाच द्या. सिस्टिमची लायब्ररी आणि कोंडाचा जीएनयू रेडिओ एकत्र केले की जीएलआयबीसीएक्सएक्सची (सी++ च्या मूळ लायब्ररीची) आवृत्ती सापडत नाही म्हणून रडगाणं सुरू. प्रिफिक्स बदललात तर बिल्ड फोल्डर पुसूनच सीमेक चालवा, कॅशमध्ये जुना पाथ तसाच बसलेला असतो.

लिंकर_दादा

म्हणजे वापरणाऱ्याने आधी लिक्विड बांधायची, मग तुमचं मॉड्यूल. हेच तर मी टाळायला सांगतोय. रीडमीमध्ये या पायऱ्या लिहिल्या आहेत का तुम्ही?