लिंटियनच्या दाबलेल्या वॉर्निंग्जचं काय करायचं?

टर्मिनलवाली:
मंडळी, डेबियन लिनक्समधलं एक जुनं, सी भाषेतलं पॅकेज सांभाळायला घेतलंय. आधीच्या मेंटेनरनी ओव्हरराइड्सची (ठराविक वॉर्निंग्ज दाबणाऱ्या ओळींची) भलीमोठी फाईल ठेवलीय, एकाही ओळीवर कॉमेंट नाही, त्यामुळे लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) चालवलं की सगळं स्वच्छ दिसतं. त्यात हार्डनिंग-नो-फोर्टिफाय-फंक्शन्स (मेमरीत ठरल्या जागेबाहेर लिहिणं पकडणारं फोर्टिफाय संरक्षण दिसत नाही, अशी वॉर्निंग) पण दाबलंय, त्याची मला जास्त काळजी वाटतेय. फाईल आहे तशी ठेवू की सरळ उडवू?

जुना_पॅकेजर:
लगेच उडवू नका. आधी शो-ओव्हरराइड्स ऑप्शन लावून चालवा, दाबलेलं सगळं समोर येईल, मग एकेक तपासा. ओव्हरराइड टूल चुकतंय तिथेच टाकायचा. पॅकेजमध्ये खरंच खोट आहे पण आत्ता वेळ नाही, तर वॉर्निंग दिसू दे ना, पुढच्याला कळेल तरी काम बाकी आहे म्हणून. मॅन पेज (कमांडची माहिती देणारं पान) लिहायचा कंटाळा म्हणून ओव्हरराइड टाकतात लोक, हे मला अजिबात पटत नाही.

फोर्टिफायची वॉर्निंग मात्र खोटी निघू शकते. लिंटियन तयार बायनरी बघतं, त्यात मेमरी कॉपी करणाऱ्या मेमसीपीवायसारख्या फंक्शनचं तपासणीवालं रूप नसलं की ओरडतं, पण बफरमध्ये (त्यासाठी राखलेल्या जागेत) सगळं मावतंय हे कंपायलरला आधीच कळलं तर तो ते रूप वापरतच नाही. म्हणून बिल्ड लॉग, म्हणजे कंपाइल करतानाची नोंद, बघा.

मेकफाईल_प्रेमी:
+१, आणि लॉगवर बीएलएचसी (लॉगमध्ये हार्डनिंगचे फ्लॅग तपासणारं टूल) चालवा. फोर्टिफायचा फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) सीपीपीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमधून येतो, सीफ्लॅग्जमधून नाही, आणि हाताने लिहिलेल्या मेकफाईलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाईलमध्ये) नेमका तोच राहून गेलेला असतो. तसं असेल तर मेकफाईलला पॅच मारा आणि अपस्ट्रीमलाही, म्हणजे मूळ प्रोग्रामवाल्यांना, पाठवा.

रात्रपाळी:
जुन्या फाईलमुळे मिसमॅच्ड-ओव्हरराइड (ओव्हरराइड जुळत नाही अशी वॉर्निंग) पण दिसेल बघा, कारण मध्ये लिंटियनने फाईलचे पाथ चौकटी कंसात द्यायला सुरुवात केली आणि जुन्या ओळी जुळेनाशा झाल्या. त्या जुळवायला म्हणून नुसता स्टार (काहीही जुळवणारं चिन्ह) टाकू नका प्लीज, उद्या नवीन बायनरी आली तर तिची खरी वॉर्निंगही त्याच्याखाली गडप होईल. जे ठेवाल त्याच्या वर हॅश देऊन कारण लिहा. आणि टूलच चुकतंय अशी खात्री झाली तर लिंटियनवर बग टाका, सगळ्यांचाच त्रास वाचेल.

टर्मिनलवाली:
लॉग बघितला, सीपीपीफ्लॅग्ज खरंच कुठेच जात नव्हता! पॅच टाकला, तो ओव्हरराइड काढला, वॉर्निंग गेली. आता स्पेलिंगवाल्या ओळी बघायला घेते.