जिवाणूचं जनुक की जिवाणूमार्फत जनुक?

प्रश्न: शेतीविषयक लेखाचं मराठी करते आहे. ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरून पिकात जनुक घालतात, त्या पद्धतीला काय म्हणावं? कुठे 'जनुकीय संकर' दिसलं, कुठे 'जनुकसंक्रमण'. दोन्ही खटकतात. मसुदा वाचून बापू म्हणाले, "म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याला चोळतो तेच जिवाणू ना?"

उत्तर: ताई, 'संकर' आधी काढा. संकरात परागकण लागतात, इथे त्यांचा संबंधच नाही. २००२ साली आपल्याकडे आलेला, असंच जनुक घातलेला बीटी कापूस संकरित वाणांतच मिळाला, म्हणून बोलण्यात दोन्ही शब्द एक झाले.

'संक्रमण' म्हणजे ओलांडून जाणं, मकरसंक्रमणातलं. त्या अर्थी शब्द बरोबर आहे. पण आजचा वाचक त्यातून रोगच वाचतो. हा जिवाणू मुळात रोगकारक आहे, हेही खरं. गुलाब, द्राक्ष, पीच यांच्या खोडाला जमिनीलगत जी गाठ येते ती याच्यामुळे. अशी गाठ जिवाणूमुळे येते, असं १९०७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवलं. झाडाला जखम झाली की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या मागावर हा येतो आणि आपल्या डीएनएचा तुकडा पेशीत सोडतो. तुकडा गुणसूत्रात जाऊन बसतो. मग पेशी बेसुमार वाढतात, शिवाय जिवाणूचं खाणंही त्यांनाच रांधावं लागतं! संशोधकांनी त्या तुकड्यातली गाठ आणणारी जनुकं काढली आणि तिथे हवं ते जनुक ठेवलं. आत पोचवायची यंत्रणा तेवढी राहू दिली.

म्हणून मी 'जनुकरोपण' म्हणेन. 'जनुकाचं कलम' कानाला गोड लागतं, पण कलमात खुंट (खालचं झाड) आणि डोळा (त्यावर बसवलेली कळी) एकजीव दिसले तरी खुंटाचा गुण बियांत उतरत नाही. इथे घातलेल्या जनुकाचा गुण उतरतो.

बापूंची शंका मात्र लेखात घ्याच. ते म्हणतात तो रायझोबियम गटातला जिवाणू. मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतो, झाडाच्या जनुकांना हात लावत नाही. ॲग्रोबॅक्टेरियम त्याच्या नात्यातला. आणि 'बीटी' हा तिसराच: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बोंडअळी मारणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्याचं, ते कपाशीत नेऊन सोडणारा ॲग्रोबॅक्टेरियम. मसुद्यात नुसतं 'जिवाणूच्या जनुकामुळे', 'जिवाणूच्या मदतीने' असं असेल, तर वाचक दोघांना एकच समजणार. मालकासाठी 'चा-ची-चे' ठेवा, पोचवणाऱ्यासाठी 'मार्फत'. दलालामार्फत माल गेला म्हणून माल दलालाचा होत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ती: 'मार्फत' पटलं. वाक्य असं केलं: 'बॅसिलसचं जनुक ॲग्रोबॅक्टेरियममार्फत कपाशीत रोवलं.' 'रोपलं' लिहिलं होतं, बापूंनी 'रोवलं' करायला लावलं. चालेल?

उत्तर: चालेल. नाम 'जनुकरोपण', क्रियापद बापूंचं.