क्रोम स्प्रे: क्लिअर मारला की आरसा जातो कुठे?

अर्धीपिचकारी

गाडीच्या पुढच्या जाळीची एक पट्टी आणि बाहेरच्या आरशांची दोन कव्हरं क्रोमसारखी करायची आहेत. तिन्ही भाग प्लास्टिकचे. कव्हरांच्या आतल्या बाजूला एबीएस असा ठसा आहे. पट्टीवर कारखान्यातला क्रोमचा मुलामा आहे, पण एका टोकाला फुगे येऊन पोपडे सुटलेत.

डाव्या कव्हरावर आतापर्यंत झालेलं काम: ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासणं, राखाडी प्रायमरचे दोन हात, कॅनमधला साधा ग्लॉस ब्लॅक, तीन तासांनी क्रोम स्प्रेचे दोन हात. आला तो नुसता चंदेरी रंग, आरसा नाही. उजव्या कव्हरावर सगळं तेच, फक्त ब्लॅक रात्रभर वाळू दिला. तिथे बऱ्यापैकी आरसा आला, समोर धरलेली अक्षरं वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी साधा क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला आणि दोन मिनिटांत सगळं राखाडी.

क्लिअर न मारता चालेल का, की आधीचीच पद्धत चुकतेय? आणि पट्टीवरच्या जुन्या क्रोमवर थेट प्रायमर धरेल का?

थरावरथर

क्रोम स्प्रेमध्ये क्रोमियम नसतंच. असतात त्या ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ चकत्या, भरपूर थिनर आणि नावापुरतं रेझिन. थिनर उडून गेला की चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर आडव्या निजतात आणि आरसा दिसतो. त्या वाकड्यातिकड्या पडल्या की प्रकाश फाकतो आणि उरतो फक्त सिल्व्हर रंग. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. डाव्या कव्हरावर चकत्या खालून बिघडल्या, उजव्यावर वरून.

डाव्याबद्दल. साधा म्हणजे वन-के (एकाच घटकाचा) ब्लॅक तीन तासांत हाताला कोरडा लागतो, पण पोटात थिनर असतोच. शिवाय पूर्ण वाळल्यावरही तो थिनरने पुन्हा मऊ पडतो. वर क्रोमचा ओला हात बसला की चकत्या त्यात रुततात. इथे टू-के ब्लॅक हवा, म्हणजे हार्डनरवाला (रंग कडक करणारं दुसरं रसायन मिसळायचा). तो कॅनमध्येही मिळतो: बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची डबी फुटते. मग कॅन दोन मिनिटं नीट हलवायचा आणि एक-दोन दिवसांत संपवायचा, नाहीतर आतल्या आत घट्ट होतो.

रंग काळाच का, तर क्रोमचा थर इतका पातळ असतो की फटींतून थोडा प्रकाश खाली उतरतो. खाली काळं असलं की तो तिथेच गडप होतो आणि प्रतिबिंब खोल दिसतं. राखाडीवर मारलेला तोच स्प्रे धुरकट वाटतो.

प्रायमरनंतर तुम्ही काहीच घासलेलं दिसत नाही, ही दुसरी चूक. प्लास्टिकला चालणारा फिलर प्रायमर घ्या, दोन-तीन हात, पूर्ण वाळू द्या. त्यावर एखाद्या वेगळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवा. मग ८०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा आणि १००० वर थांबा. घासताना जिथे तो रंग मागे राहतो तिथे खळगा आहे. पेपर फोमच्या ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषेत चर पडतात, आणि ते आज दिसले नाहीत तरी क्रोमखाली दिसणारच. कडांवर हात हलका ठेवा, प्रायमर आधी तिथलाच उडतो.

ब्लॅकचा पहिला हात विरळ, दहा मिनिटं थांबून दोन भरीव ओले हात. वाळल्यावर भाग ट्यूबलाइटखाली धरा. नळीच्या प्रतिबिंबाची कड आखल्यासारखी सरळ दिसली पाहिजे. ती थरथरत असेल तर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आहे, आणि क्रोम ते लपवत नाही, उलट उठून दाखवतं. ब्लॅक मारायला अर्धा तास लागतो, पण सगळं काम तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं. क्रोम मारणं त्यामानाने पोरखेळ.

२० ते २५ अंश सेल्सियसला निदान ४८ तास ठेवा, मग क्रोम. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. पाणी हाताला सहज सोसवेल इतकंच, गरम नको, कॅन फुटू शकतो. अंतर २० ते २५ सेंमी. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच सोडा. पहिल्या हातानंतर काळं डोकावलं पाहिजे, दुसऱ्यात आरसा उमटतो, तिसरा लागलाच तर. आरसा दिसला की बोट काढा. ‘अजून एक हात’ मारला की चकत्यांचा ढीग होतो, त्या उभ्या राहतात आणि चकाकी उतरते. हवेत दमटपणा असेल तर त्या दिवशी हात लावू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो.

ठिणगी_नको

क्लिअरचं मी सांगतो. चकत्यांना धरून ठेवणारं रेझिन आधीच जेमतेम असतं. क्लिअरमधला थिनर ते सोडवतो, चकत्या तरंगतात आणि हव्या तशा पडतात. तुमची दोन मिनिटं म्हणजे हाच वेळ. वन-के कॅनमधल्या क्लिअरमध्ये थिनर भरपूर, म्हणून तो सगळ्यात वाईट.

थोडक्यात पर्याय असे. क्लिअर न मारता ठेवलं तर आरसा टिकतो, पण बोट फिरवलं की बोटाला राखाडी लागतं आणि पाण्याने धुता-पुसताना महिन्या-दोन महिन्यांत मळकट होतं. शोभेच्या, हात न लागणाऱ्या भागाला ठीक. आरशाच्या कव्हराला नाही. दुसरा मार्ग म्हणजे क्रोम बनवणाऱ्यानेच त्या क्रोमसाठी दिलेला क्लिअर, किंवा पाण्यावर आधारलेला टू-के. ते चकत्यांना कमी छळतात. तिसरा, नेहमीचा टू-के, पण क्रोम डब्यावर लिहिलंय तितकं वाळू देऊन. काही क्रोमना एक दिवस पुरतो, काहींना आठवडा लागतो. नखाने हलकं चोळून काही निघत नाही ना, ते लपलेल्या जागी बघा.

मारताना पहिले दोन हात नुसती धूळ बसल्यासारखे, जवळजवळ कोरडे, मध्ये १०-१५ मिनिटं. त्यांचं एक कवच तयार होतं. मग एक मध्यम ओला हात. पहिलाच हात ओला मारलात तर वाट बघितलेले सात दिवस पाण्यात. आणि कुठलाही क्लिअर घ्या, थोडी झळाळी जाणारच. क्लिअरखालचा क्रोम स्प्रे खऱ्या मुलाम्याशेजारी ठेवला तर ओळखू येतो. म्हणून एक कव्हर क्लिअरसह आणि दुसरं क्लिअरविना, असं कधी करू नका.

हार्डनरबद्दल एक ताकीद: टू-केमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क निरुपयोगी आहे. घट्ट बसणारा, सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही अडवणारा ताजा कार्ट्रिजवाला मास्क, हातमोजे, चष्मा, आणि जागा उघडी. वास येत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं.

कडा_कोपरा

पट्टीचा प्रश्न राहिला. जुन्या क्रोमवर थेट प्रायमर धरत नाही. प्लास्टिकवरच्या मुलाम्यात खाली तांबं, वर निकेल आणि शेवटी क्रोमियमचा थर असतो, तोही सहसा अर्ध्या मायक्रॉनच्या आत. चकाकी मुख्यतः निकेलची. क्रोमियम त्याला निळसर छटा आणि टणकपणा देतं.

फुगा म्हणजे हा सगळा थर प्लास्टिकपासून सुटलाय. जाड हातमोजे घाला, कारण सुटलेली कड ब्लेडसारखी कापते. पातळ पट्टीने सोलत जा, जिथे सोलणं आपोआप थांबेल तिथवर. मग ती पायरी १८० ने आणि नंतर ३२० ने उतरती करा. डोळे मिटून अंगठा फिरवा: पायरी लागली नाही तर झालं. बाकी चकचकीत क्रोमही ३२० ने पूर्ण मंद करा, एक चमकता ठिपका राहिला तरी तिथून पुढे पापुद्रा निघतो. वर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग फिलर, पुढे वर सांगितल्याप्रमाणे. घासताना मास्क लावा. उथळ खळगा उरला तर प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी (पुट्टी) वापरा, पत्र्याची कडक लांबी हिसक्याने तडकते.

फुगे तीन-चार ठिकाणी असतील तर ही मेहनत करू नका, पट्टी बदला. आतून मुलामा सुटत राहील आणि वरचा रंग घेऊन जाईल. आणि बॅटरीच्या तारा लावून क्षारात मुलामा उतरवायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियम उतरतं, ते कर्करोगकारक आहे, आणि ते पाणी ओतायचं कुठे हा वेगळा प्रश्न.

पेपर_३०००

थरावरथर यांच्या सगळ्याशी सहमत, एक पुरवणी. ब्लॅकमध्ये ऑरेंज पील आलं तर लोक १५००, २०००, ३००० ने घासून कंपाउंडने (पॉलिशच्या लेपाने) पॉलिश करतात आणि त्यावर लगेच क्रोम. कंपाउंडमध्ये तेल असतं, काहींत सिलिकॉनही. ते राहिलं की क्रोम फाटतं, टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडतात. पॉलिश केल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी नवा, धागे न सोडणारा कपडा.

थरावरथर

बरोबर. पण माझं मत असं की पॉलिश टाळता येत असेल तर टाळाच. ३००० नंतरचे बारीक ओरखडे नुसत्या ब्लॅकवर दिसत नाहीत, क्रोमखाली उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटतात. पील आलं तर १५०० ने सपाट करून ब्लॅकचा एक नवा ओला हात मारा आणि त्याला बोटही लावू नका. न शिवलेला ब्लॅक सगळ्यात चांगला आरसा देतो.

पेपर_३०००

आरशाच्या कव्हरासारख्या छोट्या भागाला मान्य. मोठ्या भागावर धूळ बसल्यावाचून राहत नाही, तिथे पॉलिशला पर्याय नाही.

अर्धीपिचकारी

सगळ्यांचे आभार. दोन्ही कव्हरं प्रायमरपर्यंत उतरवून टू-के ब्लॅकपासून सुरू करतो. एक राहिलंच: पट्टीच्या मधोमध लोगो आहे आणि त्याच्या मागे क्रूझ कंट्रोलचा (समोरच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या यंत्रणेचा) रडार बसवलाय. लोगोवरही क्रोम मारला तर?

कडा_कोपरा

मारू नका. गाडीचा पुढचा रडार साधारण ७६–७७ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि ॲल्युमिनियमच्या चकत्या तो सिग्नल अडवतात, परतवतात. कारखान्यातले चकचकीत रडार-लोगो मुद्दाम सिग्नल आरपार जाईल अशा वेगळ्या थराचे असतात. साधा रंग आणि लांबीही तिथे नको, जाडी बदलली तरी मापात फरक पडतो. कव्हरांवर इंडिकेटरची काच किंवा कॅमेरा असेल तर तोही झाका.

टेप ब्लॅकच्या आधी लावा, क्रोमवर कधीच नाही, काढताना क्रोम सोबत निघून येतं. क्लिअरचा शेवटचा हात बसला की पंधरा-वीस मिनिटांत, तो अजून ओलसर असतानाच, टेप उलटा दुमडून अगदी आडवा आणि सावकाश ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढलात तर कडेला करवतीचे दात दिसतील.