वाफ्यात मांजरं घाण करतात, त्यांना इजा न होता काय करता येईल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही ठाण्यात तळमजल्यावर राहतो, खिडकीमागे थोडी जागा आहे तिथे दोन वाफे केलेत. रविवारी मेथी आणि धने पेरले, माती कोकोपीट घालून मस्त भुसभुशीत केली होती, आणि गुरुवारी सकाळी बघते तर मधोमध दोन खड्डे आणि मोड आलेली मेथी सगळी एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेली, बारकी पांढरी मुळं वर आलेली. खुरप्याने सारखं करायला गेले तर खाली शी. तिसऱ्यांदा झालं हे.

एक बोका आणि दोन मांजरी येतात, त्यातली एक गाभण वाटतेय. राग नाही हो त्यांच्यावर, मऊ कोरडी माती दिसली की ती उकरणारच. पण धाकटी बहीण बाळंतपणाला आलीये, सातवा लागलाय, आणि मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या, पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या जंतूची लागण होऊ शकते म्हणून डॉक्टरांनी तिला मातीत हात घालू नको असं बजावलंय. तिच्यासाठीच तर मेथी लावली होती.

संत्र्याच्या साली टाकून बघितल्या, दोन दिवस बरं वाटलं, वाळल्या की वास गेला आणि मांजरं परत हजर. शेजारच्या काकू डांबरगोळ्या टाका म्हणतात पण ते विष आहे, खायच्या भाजीत कसं टाकणार? तिखटही नको, पंजाला लागून डोळ्यात गेलं तर बिचारी तळमळतील. कुणी जाळी लावलीय का? मग भाजी काढता कशी?

प्रतिसाद १
ताई, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणा, पेरून झालं की मातीवर सपाट अंथरा आणि कडेला विटा ठेवा. कापलेली टोकं आत वळवा, नाहीतर पंजे पण फाटतील आणि तुमचे हात पण. मेथी भोकांतून वर येते, उपटायची नाही, कात्रीने कापायची. आणि लांबच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू भरून ठेवा, आमच्याकडची दोन्ही मांजरं आठवड्यात तिकडे जायला लागली. ते घमेलं रोजच्या रोज साफ करा, ताज्या शीतून लागण होत नाही, त्याला निदान एक दिवस तरी लागतो. हातमोजे घालून, आणि बहिणीला अजिबात करू देऊ नका.

प्रतिसाद २
मातीत ते जंतू महिनोन्महिने टिकतात, म्हणून त्या वाफ्यातली कोथिंबीर तिला कच्ची देऊ नका, वरून भुरभुरून पण नाही. तिच्यापुरती मेथी नवीन माती आणून खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीत लावा. मांजरीची पिल्लं दूध सुटून मोठी झाली की तिची नसबंदी करून घ्या, त्याआधी नको. बोक्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे का बघा, असेल तर त्याची झालेली आहे.

मूळ लेखिका
खूप आभार दोघांचे! कोथिंबिरीचं डोक्यातच आलं नव्हतं, परवाच पोह्यांवर घातली होती, पण ती बाजारातली. जाळी उद्याच आणते. घमेल्यात बांधकामाची वाळू चालेल ना, की चाळून घेऊ?